चीर पाइन लावताना आधी मुळं बघा

चीर देशी पाइन (सुईसारख्या पानांचं झाड) आहे, भराभर वाढतो, म्हणून नाशिकला कंपाउंडलगत लावा, असं एकाने सुचवलंय. देशी खरा, पण हिमालयाच्या उतारांवरचा. सह्याद्रीत पाइन मुळात नाहीच. तरी लावायचाच असेल तर एक मुद्दा राहिलाय. पाइनच्या मुळांना ठरावीक बुरशीची सोबत लागते. ती नसली तर कितीही खत घाला, रोप पिवळं पडून खुरटतं. पिशवी फाडताना बारीक मुळं नीट बघा: टोकं आखूड, जाडसर, दुफाटा फुटलेली असतील तर बुरशी आहे. नसेल तर जुन्या निरोगी पाइनखालची मूठभर माती खड्ड्यात मिसळा.

गोदाकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचतं, तिथे मुरूम घालून उंचवट्यावरच लावा. आणि घराला अगदी खेटून नको. पाइनची वाळलेली सुईसारखी पानं उन्हाळ्यात पटकन पेट घेतात.