घरी फिंगरस्टाइल (बोटांनी वाजवलेली) गिटार रेकॉर्ड करताना खालचा जी स्वर घुमतो आणि वरची धून पातळ येते

गेला दीड महिना मी एकाच रचनेच्या मागे आहे. तीन मिनिटांची आहे, मीच बांधलेली, डी-ए-डी-जी-ए-डी ट्यूनिंगमधली (सहाव्या, सगळ्यात जाड तारेपासून पहिलीपर्यंत तारा या स्वरांना लावलेल्या). अंगठा खालच्या सुराच्या तीन जाड तारांवर संथपणे चालत राहतो आणि धून वरच्या दोन तारांवर. वाजवताना कानाला जे गोड लागतं, त्यातलं निम्मंसुद्धा रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही.

सामान मोजकंच आहे: एक पेन्सिल कंडेन्सर माइक (बारीक नळीसारखा), माइक लॅपटॉपला जोडणारा दोन चॅनलचा इंटरफेस, लॅपटॉप. खोली साडेतीन मीटर लांब, तीन मीटर रुंद. भिंतींपासून लांब राहावं म्हणून खुर्ची अगदी मधोमध ठेवतो. माइक साउंडहोलच्या (गिटारच्या पोटावरच्या गोल भोकाच्या) समोर, वीतभर अंतरावर.

सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला) जी येतो, तिथे 'भोंऽऽ' करून आवाज फुगतो आणि वरची धून त्यात बुडून जाते. शेजारचे स्वर इतके फुगत नाहीत. पहिल्या तारेवर अनामिकेने वाजवलेले स्वर पातळ आणि टिकटिकणारे येतात. डावा हात पाचव्या फ्रेटवरून दुसऱ्यावर घसरतो तेव्हा तारेचा 'चीं' ऐकू येतो, तोही दर वेळी.

आणखी एक गोष्ट आहे, तिला तांत्रिक म्हणावं का ठाऊक नाही. पहिल्या दिवशीच्या टेकमध्ये (एका दमात घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये) दोन चुका आहेत, पण त्यात जीव आहे. काल रात्रीचा बेचाळिसावा टेक बिनचूक आहे आणि तो मला पुन्हा लावावासाही वाटत नाही.

दुसरा माइक घेऊ का? की इक्यूमध्ये (आवाजातले खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायच्या सोयीत) १०० हर्ट्झच्या आसपास कापून टाकू?

प्रतिसाद १

इक्यूला अजून हात लावू नका, आणि नवा माइक तर नकोच. तुमचा माइक चुकीच्या जागी आहे, एवढंच.

बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक स्वर घुमतो ना, तसंच गिटारच्या पोटातल्या हवेचं असतं. पूर्ण आकाराच्या बहुतेक अकूस्टिक गिटारमध्ये हा स्वर साधारण ९५ ते १०५ हर्ट्झच्या आसपास पडतो. तुमचा जी आहे ९८ हर्ट्झचा. ती हवा साउंडहोलमधूनच आत-बाहेर होते आणि तुम्ही माइक नेमका तिच्या तोंडाशी धरलाय. शिवाय पेन्सिल माइक बहुतेक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी घेणारे असतात, आणि कार्डिऑइड माइक स्रोताच्या जितका जवळ न्याल तितका बास आपोआप वाढवतो. म्हणजे फुगवटा दोन बाजूंनी होतोय.

माइक बाराव्या ते चौदाव्या फ्रेटसमोर न्या, म्हणजे मान बॉडीला जिथे मिळते तिथे. अंतर ३० सेंटीमीटर. तोंड साउंडहोलकडे नको, त्या सांध्याकडे ठेवा.

आता एक काम मनापासून करा. रचनेतले तेच चार बार (तालाची चार आवर्तनं) आठ वेगवेगळ्या जागी रेकॉर्ड करा आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला जागा तोंडाने बोला: 'बारावा फ्रेट, ३० सेंटीमीटर', 'ब्रिजच्या खाली, ४० सेंटीमीटर', 'उजव्या खांद्यावरून खाली'. (ब्रिज म्हणजे तारा पोटावर जिथे बांधलेल्या असतात ती पट्टी.) ती शेवटची जागा अवश्य घ्या, कारण वाजवणाऱ्याचा कान तिथे असतो. मात्र वाजवताना जे ऐकू येतं ते हुबेहूब कधीच मिळणार नाही. गिटारची पाठ छातीला टेकलेली असते, थोडा आवाज अंगातूनच येतो, आणि तो कुठलाही माइक पकडत नाही. मला हे कळायला दोन वर्षं लागली. कळल्यावर मी त्या आवाजाचा नाद सोडला आणि समोर बसलेल्या माणसाला काय ऐकू येतं ते शोधायला लागलो.

गेन (इंटरफेसवरची रेकॉर्डिंगची पातळी) असा ठेवा की सगळ्यात जोरकस स्वरसुद्धा उणे १२ ते उणे १० डीबीच्या वर जाणार नाही. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये याहून वर जायची गरजच नाही.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण खोलीचं काय? तुम्ही मापं दिलीत म्हणून गणित मांडता आलं.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ९८ हर्ट्झची लाट म्हणजे साडेतीन मीटर, आणि तुमची खोली साडेतीन मीटर लांब! अशा खोलीत लांबीच्या दिशेने पहिला अनुनाद ४९ हर्ट्झला आणि दुसरा बरोबर ९८ ला येतो. या दुसऱ्याचा दाब दोन्ही भिंतींशी आणि खोलीच्या मधोमध सर्वांत जास्त असतो. गिटारच्या पोटातला स्वर आणि खोलीचा स्वर एकच, आणि माइक दोघांच्या टोकावर. घुमेल नाही तर काय होईल.

तोच दाब लांबीच्या एक चतुर्थांशावर जवळजवळ शून्य होतो, म्हणजे भिंतीपासून ८७ सेंटीमीटरवर. माइक तिथे ठेवा, पाठ त्या जवळच्या भिंतीकडे, तोंड खोलीकडे, आणि तुम्ही त्याच्यासमोर भिंतीकडे तोंड करून बसा. कार्डिऑइड माइक मागून येणारं कमी घेतो, त्यामुळे जवळची भिंत फारशी छळणार नाही, आणि तुमच्या पाठीमागची भिंत माइकपासून अडीच मीटरहून दूर राहील.

बहुतेक जण गोधडी माइकच्या मागे टांगतात. ती तुमच्या पाठीमागे हवी, कारण माइक तिकडे बघतोय. जाड गोधडी वरचा खणखणाट शोषून घेईल. ९८ हर्ट्झला तिचा काहीही उपयोग नाही, तिथे फक्त जागा बदलणं कामी येतं. टेबलापासूनही दूर बसा, त्याच्या फळीवरून परतणारा आवाज धून पोकळ करतो.

आणि घरघर रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून फ्रिज बंद करणार असाल तर घराच्या किल्ल्या आत ठेवा. बाहेर पडताना पुन्हा चालू करायची आठवण राहते.

प्रतिसाद ३

मी माइकबद्दल बोलणार नाही, बोटांबद्दल बोलते.

अनामिकेचा स्वर पातळ येतो, त्याचं कारण बहुतेक नखात आहे. नख दिव्यासमोर धरा आणि कड बघा. एखादा बारीकसा खड्डा दिसला तर तार तिथे अडकून सुटते आणि 'टिक' होतो. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने कड इतकी गुळगुळीत करा की मोजा ओढला तरी धागा अडकणार नाही. तार आधी बोटाच्या मांसाला लागू दे आणि मग नखावरून निसटू दे. नुसत्या नखाने वाजवलेला स्वर माइक निर्दयपणे उघडा पाडतो.

'चीं' फक्त गुंडाळलेल्या तारांचा येतो. पहिली आणि दुसरी तार साधी असते, म्हणून जिथे जमेल तिथे हात त्यांच्या आधाराने सरकवा. बाकीची बोटं आधी सरळ वर उचला आणि मगच हलवा. एवढं करूनही थोडा राहील, तर राहू द्या.

बेचाळीस टेकबद्दल मला खरंच वाईट वाटलं. दिवसाला पाचांच्या वर जाऊ नका, प्रत्येकाआधी पुन्हा सुरात लावा. अमेरिकन लोकसंगीतातल्या गिटारवादक एलिझाबेथ कॉटन यांचा पहिला अल्बम संगीतकार माइक सीगर यांनी कॉटन यांच्या घरीच टेपवर घेतला, आणि फोकवेज या रेकॉर्ड कंपनीने तो १९५८ मध्ये काढला. कॉटनबाई डावखुऱ्या होत्या. तारा न बदलता गिटार उलटी धरायच्या, त्यामुळे बास बोटांनी आणि धून अंगठ्याने. लोक आजही ती शैली त्यांच्याच नावाने शिकतात. घरच्या खोलीत घेतलेलं वादन हे तात्पुरतं काम असतं असं मला कधीच वाटलं नाही.

पहिल्या दिवशीचा टेक जपून ठेवा. एखादी चूक दुरुस्त करायची असेल तर त्या जागेपासून वाजवू नका, दोन बार आधीपासून वाजवा, म्हणजे आधीच्या तारांचा गुंजारव खाली तसाच राहतो. जोड अंगठ्याच्या ठोक्याच्या किंचित आधी द्या, ठोका जोड झाकून टाकतो. मात्र माइक आणि खुर्ची तसूभरही हललेली नसावी.

धागाकर्ता

आठ दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे खूप आभार.

आठही जागा करून बघितल्या. खांद्यावरून घेतलेला आवाज उबदार होता, पण माझा श्वास गिटारपेक्षा जास्त येत होता. शेवटी चौदाव्या फ्रेटसमोर, ३५ सेंटीमीटरवर थांबलो. तरीही जी थोडा घुमत होता. मग माइक भिंतीपासून ८७ सेंटीमीटरवर आणला आणि त्याच्यासमोर खुर्ची फिरवून बसलो. तोच जी, तोच अंगठा, तेवढाच जोर, आणि तो शेजारच्या स्वरांसारखाच ऐकू आला. हेडफोन काढून तो मी चार-पाच वेळा नुसताच वाजवून बघितला.

अनामिकेच्या नखाला खरंच खड्डा होता, डाव्या बाजूला, नुसत्या डोळ्यांनी न दिसणारा. मोज्याने सापडला.

पहिल्या दिवशीचा टेक वापरता आला नाही, कारण त्यात माइक जुन्या जागी होता आणि जोड उघड कळत होता. नव्या जागी दोन दिवसांत सात टेक घेतले, सहावा ठेवला. एकोणिसाव्या बारमध्ये 'चीं' आहे, तो काढला नाही. इक्यूमध्ये फक्त हाय-पास (ठरावीक हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर) लावलाय. एक विचारायचं आहे: तो सगळीकडे ८० हर्ट्झला सुचवतात, मी ६० ला ठेवलाय. चालेल ना?

प्रतिसाद १

चालेल काय, तेच बरोबर आहे. ८० चा सल्ला नेहमीच्या ट्यूनिंगसाठी, तिथे खालचा ई ८२ हर्ट्झचा असतो. तुमची सहावी तार डी आहे, ७३ हर्ट्झची. ८० ला लावला असता तर तिचाच पाया गेला असता. ६० ला ठेवा आणि रचना इथे टाका, ऐकायची आहे.