मदत हवी आहे: विंडोज सर्व्हरवर व्हीपीएनचा ड्रायव्हर लोड होत नाही, कोड ५२

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. आमचा विंडोज सर्व्हर २०१९ नव्या मशीनवर घेतल्यापासून ओपनव्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी, म्हणजे व्हीपीएन, देणारा प्रोग्राम) क्लायंट कनेक्टच होत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये टॅप-विंडोज अडॅप्टरवर (ओपनव्हीपीएनचं आभासी नेटवर्क कार्ड) पिवळा त्रिकोण दिसतो आणि आत कोड ५२, म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पडताळता येत नाही.

तोच इन्स्टॉलर, तीच कॉन्फिग फाइल विंडोज १० च्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालते. त्यामुळे सर्टिफिकेट किंवा ११९४ पोर्टचा (ओपनव्हीपीएनचा नेहमीचा पोर्ट) प्रश्न नसावा. मला संशय सिक्युअर बूटचा आहे (मशीन सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय). जुन्या मशीनवर ते बंद होतं, नव्यावर चालू आहे, आणि ड्रायव्हरच्या सहीबाबत सर्व्हर विंडोज १० पेक्षा कडक असतो.

सिक्युअर बूट बंद करा किंवा टेस्ट मोड (सहीची तपासणी सैल करणारा) लावा, असं कृपया सुचवू नका. कामगारांच्या पगाराचा सगळा हिशोब याच मशीनवर आहे, तिथं मला धोका नको.

जुना ड्रायव्हर पीएनपीयुटिलने (विंडोजमधलं ड्रायव्हर टाकण्या-काढण्याचं टूल) मुळापासून काढून नवा टाकल्यावर कुणाचं जमलंय का? की टॅपऐवजी ओपनव्हीपीएन २.५ पासून आलेला विनटुन ड्रायव्हर वापरावा? सर्व्हर २०१९ वर स्वतः चालवलेल्यांनी क्लायंटची व्हर्जन सांगितली तर फार उपकार होतील. शनिवारी पगारवाटप आहे आणि हेड ऑफिसची मंजुरी व्हीपीएनवरूनच येते.