सापकांद्याचं बी आत्ता लावू की जूनपर्यंत ठेवू? (कोल्हापूर)

पारिजातकाखाली:
नमस्कार. माझं माहेर गगनबावड्याकडचं. आमच्या परड्यामागं जांभ्याचा एक उतार आहे, वर आंबा-फणसाची गर्द सावली. पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की तिथं नागाच्या फण्यासारखी पांढरी फुलं उभी राहायची. आजी त्याला सापकांदा म्हणायची आणि आम्हा पोरांना हात लावू द्यायची नाही. यंदा वाट रुंद करायला जेसीबी आला आणि निम्मा उतार गेला. दसऱ्याला गेले तेव्हा उरलेल्या भागात एकाच दांड्यावर लाल फळांचा घोस दिसला, मक्याच्या छोट्या कणसासारखा. जमीन आमचीच, भावाला विचारून घोस घेऊन आले. कागदाच्या पिशवीत ठेवलाय, पण फळं मऊ पडायला लागलीत.

मी राहते कसबा बावड्यात. घरामागं दहा बाय बारा फुटांची जागा आहे. जुना पारिजातक आणि सीताफळ असल्यानं सावली भरपूर, पण माती काळी, चिकट, उसाच्या रानासारखी. तिकडं पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, इकडं हजाराच्या आसपास. गेल्या वर्षी तिथलाच एक कंद कुंडीत लावला होता. दिवाळीपर्यंत पान पिवळं पडून तो मेला. म्हणून या वेळी धीर होत नाही. असा घोस पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

कळंबा रोड:
फणा पानाआधी आला होता का? पांढरा होता आणि आत घशाशी जांभळट? तसं असेल तर ती अरिसीमा मुरायी, आपल्या सह्याद्रीचीच. हिरव्या फण्यातून लांब शेपटीसारखी दांडी बाहेर आलेली असेल तर वेगळी जात.

पारिजातकाखाली:
पांढरा, आत जांभळा. पान नंतर यायचं, छत्रीसारखं.

जांभा माती:
ताई, तुमचा गेल्या वर्षीचा कंद मेला नव्हता, झोपला होता. हे आधी सांगते, कारण या झाडाच्या बाबतीत सगळे इथंच चुकतात. मीही चुकले. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात पिवळं पान बघून मी घाबरले आणि रोज पाणी घालत बसले. संक्रांतीला माती उकरली तर आत नुसता लगदा. पाऊस सरला की याचं पान जातं आणि कंद पुढच्या मृगापर्यंत जमिनीत गप्प पडून राहतो. त्या काळात पाणी म्हणजे विष. त्या कुंडीचं तुम्ही काय केलंत?

आता बियांचं. फळं पिशवीत ठेवू नका, आजच फोडा. हा अळू-सुरणाचा भाऊबंद आहे, रस लागला की हात तसेच खाजतात, म्हणून हातमोजे घाला आणि लहान मुलांना लांब ठेवा. लाल गर पूर्ण काढायचा. गर राहिला की बी रुजायला अडतं आणि बुरशीही धरते. मी पहिल्यांदा आख्खी फळं पुरली होती, एकही उगवलं नाही. पुढच्या खेपेला फळं दोन दिवस पाण्यात भिजवली, गर चोळून काढला, थेंबभर साबण घातलेल्या पाण्यात बी धुऊन पुन्हा साध्या पाण्यानं धुतली. पाण्यावर तरंगलेलं बी टाकून दिलं, बुडालेलं तेवढं ठेवलं. तेव्हा कुठं यश आलं.

काळी माती अजिबात नको. पसरट कुंडी घ्या, खाली खापरांचे तुकडे घाला. दोन भाग जांभ्याची तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा, एक भाग नदीची जाड वाळू. येताना माहेरची एक पिशवीभर माती आणलीत तर फारच चांगलं. शेणखत घालू नका. बी अर्धा इंच खोल, वरून पाचोळ्याचा पातळ थर.

सगळं बी एकदम लावू नका. निम्मं आत्ता लावा, निम्मं सावलीत वाळवून कागदात ठेवा आणि मृगाच्या तोंडावर लावा. आत्ता लावलेल्यातलं काही महिना-दीड महिन्यात कोंब काढेल, काही पाऊस बघूनच उठेल. कोंब दिसेल तोवर माती ओलसर ठेवा, चिखल नको. वळवाच्या सरीत कुंडी उघड्यावर ठेवू नका. त्या पाण्यानं कंद जागा होतो आणि पुढच्या उन्हात होरपळतो.

माझ्याकडं पहिल्या पावसात रोपाला एकच छोटं पान आलं, छत्री नव्हती. तण समजून मी दोन रोपं उपटली, त्याचं अजून वाईट वाटतं. वर्षाअखेरीस कंद वाटाण्याएवढा झाला. फुलायला चार पावसाळे गेले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे झाड लहानपणी नर असतं. कंद मोठा झाला, पोटात साठा आला, की मग ते मादी होतं आणि फळं धरतं. एखाद्या वर्षी पानं खाल्ली गेली किंवा कंद खंगला तर पुढच्या वर्षी परत नर. म्हणजे ज्या दांड्यावर तुम्हाला घोस मिळाला त्याखाली त्या उताराचा जुना, दांडगा कंद आहे. बी जपताय ते चांगलंच, पण जेसीबी पुन्हा येणार असेल तर आधी तो कंद वाचवा. दांडा अजून दिसतोय तोवर भावाला सांगून भोवती चार दगड लावून घ्या. महिनाभरानं तिथं काहीच दिसणार नाही.

राधानगरी:
जांभा माती यांचं बहुतेक पटलं, पण मी ऑक्टोबरात बी लावत नाही. कोवळा कोंब मार्चच्या उन्हात तगवणं शहरात कठीण. माझं सगळं बी जूनमध्येच जातं.

फुलावर आलं की कडुनिंबाचं तेल किंवा कसलंही औषध मारू नका. कुजक्या पाल्यावरची बारीक चिलटं याचं परागीभवन करतात. नराच्या फण्याला तळाशी फट असते, तिथून चिलट पराग घेऊन बाहेर पडतं. मादीच्या फण्याला ती फट नसते, चिलट आतच अडकतं आणि काम होऊन जातं. ते बिचारं तिथंच मरतं. म्हणून बी हवं असेल तर नर आणि मादी एकाच आठवड्यात फुलायला हवेत, एका रोपानं भागत नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी: ताईंची जागा मालकीची आहे. अभयारण्यातून बी-कंद काही उचलू नका. राधानगरी १९५८ पासून राखलेलं रान आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथलं झाड उपटणं गुन्हा आहे. दुर्मीळ झाडं वाढवायची कशी हे बघायचं असेल तर शिवाजी विद्यापीठाचं वनस्पती उद्यान बघून या, कंदीलपुष्पाच्या जाती त्यांनी वर्षानुवर्षं जपल्यात.

पारिजातकाखाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. बी धुतलं. एकूण एकतीस निघालं, सात तरंगलं. बारा लावलं, बारा कागदात बांधून तारीख घालून ठेवलं. भावानं काल दगड लावले, फोटो पाठवलाय.

जांभा माती, तुम्ही कुंडीचं विचारलंत. मेलं म्हणून मी ती पारिजातकाच्या बुंध्याशी ओतली होती. श्रावणात तिथं छत्रीसारखं एक पान आलं होतं, मी सुरण समजले. आज सकाळी हळूच उकरून बघितलं. सुपारीएवढा कंद आहे, घट्ट आहे. परत झाकला आणि वर वीट ठेवली.