एचआयव्हीसह गर्भधारणेचे नियोजन : मार्गदर्शन हवे आहे

माझे वय ३१ असून चार वर्षांपासून मी सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) केंद्रातून औषध घेत आहे. रात्री जेवणानंतर टीएलडीची, म्हणजे डोल्युटेग्राविरसह तीन औषधे असलेली, एकच गोळी असते. ती आजवर दोनदाच चुकली, दोन्ही वेळा एसटीच्या प्रवासात. मागच्या दोन्ही व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) तपासण्यांत विषाणू आढळला नाही. यजमानांचा अहवाल निगेटिव्ह आहे आणि आता आम्हां दोघांनाही मूल हवे आहे.

एका खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांनी अहवाल पाहताच फाइल मिटली आणि ‘अशात मूल कशाला?’ एवढेच विचारले. केंद्रातील समुपदेशक ताई आपुलकीने बोलतात. पण त्यांच्या खोलीचे दार सतत उघडे आणि दाराशी रांग, त्यामुळे दर खेपेस मी गोळ्या मोजून घेऊन परत येते. (इंटरनेटवर ‘एआरटी’ शोधावे, तर कृत्रिम गर्भधारणेचेही तेच लघुनाव असल्याने टेस्ट ट्यूब बेबीच्या जाहिराती समोर येतात!)

डोल्युटेग्राविरमुळे बाळाच्या मणक्यात दोष राहू शकतो, असे २०१८च्या एका बातमीत वाचल्यापासून गोळी बदलावी की काय, या विचाराने झोप लागत नाही. शिवाय नैसर्गिक संबंधांतून यजमानांना धोका आहे का? आणि अंगावर पाजता येईल का? पाजले नाही, तर सासूबाई कारण विचारणार, आणि त्यांना यातले काहीच ठाऊक नाही.

प्रतिसाद : माझी मुलगी पाच वर्षांची असून निगेटिव्ह आहे. गोळी स्वतःहून बदलू अथवा थांबवू नका. तुम्ही वाचलेली बातमी बोट्स्वानातील ज्या अभ्यासावरून आली, त्याची पुढे अधिक माहिती जमल्यावर ती भीती टिकली नाही. फॉलिक ॲसिड मात्र डॉक्टरांना विचारून आतापासूनच सुरू करा. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या लागल्यावर टीएलडीची वेळ ताईंकडून ठरवून घ्या, कारण उपाशीपोटी त्या एकत्र घेतल्यास औषध नीट शोषले जात नाही. विषाणू सातत्याने दबलेला असेल, तर संबंधांतून तो जोडीदाराला जात नाही. तरी प्रयत्न सुरू करण्यापूर्वी व्हायरल लोड पुन्हा पाहून घ्या. उपचारांशिवाय बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो, उपचारांनी तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. मला पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध पाजण्यास सांगितले होते. घुटी आणि मध दोन्ही वर्ज्य. बाळाला जन्मापासून नेव्हिरापिन या एचआयव्हीविरोधी औषधाचे सिरप दिले, सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेतले आणि अंतिम निदान अठराव्या महिन्यात झाले. एचआयव्ही असल्याच्या कारणावरून उपचार नाकारणे २०१७च्या कायद्याने निषिद्ध आहे. ताईंना चिठ्ठीवर ‘खासगीत बोलायचे आहे’ एवढेच लिहून द्या. मीही तसेच केले होते.