केझिक : रविवारी दिवसभर पाऊस, आई-बाबांना न्यावं का?

वाईकर_लीड्स
आई-बाबा वाईहून आलेत. रविवारी इथे इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टला, केझिक गावी न्यायचं ठरलंय आणि आता दिवसभर पाऊस दाखवतोय. आईचा गुडघा दुखतो, बाबा पंचाहत्तरीचे. पुन्हा त्यांचं एवढ्या लांब येणं होईलसं वाटत नाही. रद्द करू का?

रानवाट
रद्द करू नकोस रे. मी सात वर्षं तिथून जवळच पेनरिथला राहते, माझ्या आईला मी असंच भर पावसात नेलं होतं. पावसाशिवाय तिथली बॉरोडेलची दरी अर्धीच दिसते.

सकाळी पेन्सिल म्युझियम बघा. सोळाव्या शतकात याच दरीतल्या सीथवेटच्या डोंगरात शुद्ध ग्राफाइट सापडलं. मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करायचे, पुढे त्याच्याच जिवावर केझिकचा पेन्सिलींचा धंदा उभा राहिला. तिथली दुसऱ्या महायुद्धातली पेन्सिल बाबांना आवर्जून दाखव. आतून पोकळ, पोटात गुंडाळलेला नकाशा आणि खोडरबराखाली इवलंसं होकायंत्र! माझी आई शाळेत शिकवायची, ती त्या काचेपुढून हलेचना.

मग ७८ नंबरच्या बसने बॉरोडेलमध्ये जा, लोडोरच्या धबधब्यापाशी उतरा. कोरड्या दिवसांत तिथे धड धार नसते, पावसात मात्र मोठमोठ्या धोंड्यांवरून सगळं पाणी फेसाळत खाली येतं. वाट निसरडी आहे, आईंचा हात सोडू नकोस. छत्र्या घरीच ठेव, वारा आडवा येतो. रेनकोट, चांगले बूट, आणि आईंना साडीऐवजी पँट. माझ्या आईच्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजला आणि ती परतीच्या बसमध्ये काकडत बसली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कॅसलरिगचं पाषाणवर्तुळ पाच हजार वर्षांचं आहे, पण ओल्या गवतातून चालावं लागतं. गुडघा बघून ठरव.

डोंगरी
जा, पण शनिवारी रात्री हवामान खात्याचा इशारा बघून. सीथवेटला वर्षाकाठी साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे नुसत्या भुरभुरीला कुणी विचारत नाही. इशारा असेल तर मात्र घरीच थांबा. ५ डिसेंबर २०१५ला शेजारच्या होनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिमी पाऊस झाला होता. त्या पुरात पेन्सिल म्युझियमही बुडालं, ते २०१७ला पुन्हा उघडलं.

वाईकर_लीड्स
इशारा नव्हता, जाऊन आलो. रानवाटताई, तुमचे फार आभार. लोडोरला बाबा टोपी काढून पावसात उभे राहिले, आम्हीही गप्प. परतताना बसथांब्याजवळच्या दगडी कुंपणाआड हर्डविक मेंढ्या होत्या, पांढरं तोंड, करडं अंग, लोकरीच्या टोकाटोकाला थेंब. आईने कुंपणावरून हात घालून एकीची पाठ चाचपली आणि म्हणाली, "राठ आहे गं बाई. हिची घोंगडी झकास होईल."