लाँग रननंतर खा-खा सुटते, त्यात कच्चे तांदूळही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ४१, वजन ५८ किलो, मुक्काम सातारा. तीन वर्षं हाफ मॅरेथॉन पळतेय, येत्या जानेवारीत मुंबईला पहिल्यांदाच पूर्ण, ४२.१९५ किमी. आठवड्याला साठेक किमी होतात. मागच्या रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जाऊन-येऊन २८ झाले.

पळणं बरं चाललंय, खाण्याचं तंत्र बिघडलंय. पहाटे एक केळं आणि कोरा चहा घेऊन निघते, वाटेत नुसतं पाणी. घरी आल्यावर तासभर अन्नावर वासनाच नसते. मग वाटीभर पोहे, चहा. दुपारचं जेवणही बेताचंच, त्यावर पुन्हा चहा. आणि चार वाजले की अंगात येतं. त्या रविवारी पाहुण्यांसाठी आणलेला कंदी पेढ्यांचा पाव किलोचा पुडा उघडला, तो रिकामा करूनच खाली ठेवला. वर लोणच्याचा खार चाटला. (पाहुण्यांची चिवड्यावर बोळवण केली.)

सोमवारी माझा उपास, लग्नाआधीपासूनचा. दिवसभर चहा आणि फळं, रात्री सोडते. मंगळवारच्या रनला पाय उचलत नाहीत.

आणखी एक, जरा लाजतच लिहितेय. दोनेक महिन्यांपासून तांदूळ निवडताना चार दाणे तोंडात टाकायची सवय लागली, आता चिमटीची मूठ झालीय. बर्फाच्या ट्रेवरही डोळा असतो, कडाकडा चावून खाल्ला की बरं वाटतं. सासूबाईंनी परवा हळूच विचारलं, "अगं, काही विशेष नाही ना?" नाहीये!

तर गोडाची ही ओढ मोडायची कशी? साखर पूर्ण बंद करून बघू का? आणि उपास सांभाळून मॅरेथॉनची तयारी होते का?

प्रतिसाद १
ताई, साखर बंद करायच्या भानगडीत पडू नका, आधी हिशेब करा. ढोबळमानाने वजनाच्या किलोमागे दर किलोमीटरला एक कॅलरी. ५८ गुणिले २८, म्हणजे सोळाशेच्या वर गेल्या. केळ्यातून मिळाल्या जेमतेम शंभर. स्नायू आणि यकृत मिळून कर्बोदकांचा साठा ४००-५०० ग्रॅमचाच, त्यात तुम्ही घाट चढताय. सकाळची उधारी चार वाजता वसूल होते, एवढंच.
लाँग रनला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. पळताना घ्यायचं एनर्जी जेल महाग वाटत असेल तर अर्धा लिटर पाण्यात ३०-३५ ग्रॅम साखर, लिंबू, मीठ. सोबत खजूर. आल्यावर खाववत नसेल तर दूध-केळं पिऊन टाका, ते जातं. टोपीवर घामातल्या मिठाचे पांढरे डाग पडतात का बघा, खाराचं कोडं तिथंच सुटेल.

प्रतिसाद २
पेढ्यांचं वरच्यांनी सांगितलंच, मला तांदूळ आणि बर्फ खटकतोय. ही भूक नव्हे. माझ्या बाबतीत पाटीवरची पेन्सिल होती, मुलीच्या दप्तरातून चोरून खायचे. मी डॉक्टर नाही, पण अशी ओढ पुष्कळदा लोह कमी पडल्यामुळे लागते. पाळीतून जातं, घामातून थोडं जातं, शिवाय तळपाय सतत रस्त्यावर आपटून तांबड्या पेशीही फुटतात. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, ते ठीक असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. तो साठा दाखवणारी फेरिटिनची रक्ततपासणी करा. आदल्या दिवशी लांब पळू नका, आकडा फसवा वाढतो. गोळ्या मनाने सुरू करू नका. आणि तो जेवणावरचा चहा आधी हलवा, लोह अंगी लागू देत नाही. त्याऐवजी पालेभाजीवर लिंबू पिळा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. हिमोग्लोबिन १२.१ आलं, म्हणून मी खूश. फेरिटिन मात्र ९, म्हणजे साठा तळालाच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचंय. सासूबाईंनी तांदळाचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय आणि अळिवाचे लाडू करायला घेतलेत. काल २४ किमीला सरबत आणि सहा खजूर नेले. चार वाजता दोन पेढे खाल्ले आणि पुडा बंद केला, स्वतःलाच खरं वाटेना. चहा मात्र जेवणानंतर दीड तासावर नेलाय, त्या दीड तासात घरात कुणी माझ्याशी बोलत नाही.
सोमवारच्या उपासाचं कुणीच बोललं नाही. लाँग रन शनिवारी घेऊ का?