प्रतिसाद: काळ्यांची कविता म्हणजे नुसता संताप?
इथे चर्चेत दोघातिघांनी म्हटलंय की काळ्या अमेरिकनांची कविता म्हणजे निव्वळ विद्रोह. नाही पटलं बुवा. जेम्स वेल्डन जॉन्सन या काळ्या अमेरिकन कवीचा १९२७ चा 'गॉड्स ट्रॉम्बोन्स' हा कवितासंग्रह काढून बघा. काळ्या धर्मोपदेशकांची प्रवचनं त्याने कवितेत आणली. त्यात देव एकटेपणाला कंटाळून जग निर्माण करतो आणि माणूस घडवताना नदीकाठी धुळीत गुडघे टेकून बसतो, तान्ह्या बाळावर ओणवलेल्या काळ्या दाईसारखा! गोऱ्यांची पोरं सांभाळण्यात जिचा जन्म गेला, तिचं रूप थेट देवाला. आता याला विद्रोह म्हणा नाहीतर माया. आणि हो, प्रवचनकार जिथे दमदार श्वास घेतो तिथे जॉन्सनने ओळीत आडवी रेघ दिलीय, त्यामुळे मनातल्या मनात नको, मोठ्याने वाचा.